होडी हळू चालत नाही, म्हणून सॅमन लागत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. होडी ६.५ मीटर लांबीची असून तिच्यात २० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आत बसवलेले आहे. गिअर टाकून थ्रॉटल अगदी खाली आणला तरी ती ताशी ५.५ किलोमीटरच्या खाली येत नाही; दोन मोसम सरोवरात गळ ओढूनही सॅमन एकदोनच लागले. म्हणून मागे एक लहान पेट्रोल इंजिन टांगावे का आणि आमिषे कोणती घ्यावीत, असे आपण विचारले आहे. आमिषांचे मी अगदी शेवटी आणि फार थोडे सांगणार आहे, कारण आपण वर्णन केलेली आमिषे ठीकच आहेत. खोट आहे ती वेगात, आणि डिझेल होडीवर सॅमनच्या मागे लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हीच खोट येते.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. ‘ट्रोलिंग’ म्हटले की आता मराठी वाचकाला समाजमाध्यमांवरची शिवीगाळ आठवते आणि ‘ट्रॉलिंग’ म्हटले की तळ खरवडत जाळे ओढणारा ट्रॉलर. येथे दोन्हींचा संबंध नाही. चालत्या होडीमागे तंगुसाला बांधलेली आमिषे ठरावीक खोलीवरून आणि ठरावीक वेगाने ओढत नेणे एवढाच येथे अर्थ आहे. म्हणजे हे गरवणेच आहे, फक्त गरवणारा एका जागी बसलेला नसतो.

सॅमनसाठी ओढायचा चमचा, म्हणजे धातूच्या पातळ, किंचित वाकवलेल्या पत्र्याचे आमिष, साधारणपणे ताशी ३.२ ते ४.५ किलोमीटर या वेगासाठी घडवलेला असतो. यावर विश्वास ठेवण्याऐवजी आपण तो पाहावा. शांत पाण्यात होडीच्या कडेला, पंख्याच्या फेसापासून दूर, दीड-दोन मीटर तंगुसावर चमचा सोडावा आणि नेहमीच्या वेगाने होडी चालवावी. योग्य वेगाला तो एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलंडतो, मध्येच क्षणभर थबकतो आणि पुन्हा कलंडतो. जखमी मासोळी पोहताना अशीच दिसते. ताशी ५.५ किलोमीटरला बहुतेक पातळ चमचे कलंडणे सोडून स्वतःभोवती गरगर फिरू लागतात. अर्ध्या तासाने आपण तंगूस गुंडाळायला घेता तेव्हा त्याला पीळ पडलेला असतो आणि सैल सोडताच त्याचे वेटोळे होते. हा पीळ आपल्यालाही दिसला असेल, आणि आपण दोष फिरकीला, म्हणजे तंगूस आणि आमिष यांच्यामधल्या फिरत्या कडीला, दिला असेल. फिरकी निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक आहे. जास्त वेगाचे पाणी सॅमनला झेपत नाही असे नाही, तो वेगवान मासा आहे, आणि पाणी ऊबदार असताना किंवा मासा चिडलेला असताना ताशी ५ किलोमीटरलाही तो धावून येतो. पण तो अपवाद आहे, आणि त्याच्या भरवशावर मोसम काढता येत नाही.

आता होडी हळू का चालत नाही ते पाहू. समजा, इंजिन आयडलला, म्हणजे थ्रॉटल अगदी खाली असताना, मिनिटाला ८०० फेरे घेते आणि गिअरबॉक्स २ : १ असा आहे, म्हणजे पंखा मिनिटाला ४०० फेरे घेतो. पिच म्हणजे मुळीच न घसरता पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जाईल ते अंतर. ती १२ इंच, म्हणजे सुमारे ३०.५ सेंटिमीटर असेल तर घसर नसताना होडी मिनिटाला १२२ मीटर, म्हणजे ताशी ७.३ किलोमीटर जाईल. पाण्यात पंखा घसरतोच. ती घसर एक चतुर्थांश धरली तर बरोबर ५.५ उरतात. पिच १० इंचांची असती तर याच हिशेबाने ताशी ४.६ किलोमीटर आले असते. आपल्या पंख्याच्या बोंडावर व्यास आणि पिच कोरलेली असते. होडी पाण्याबाहेर काढाल तेव्हा ती वाचून हा हिशेब स्वतः करावा. गिअरचे गुणोत्तर गिअरबॉक्सवरच्या पट्टीवर सापडते.

सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत आधी करायचा उपाय म्हणजे ड्रिफ्ट सॉक, अर्थात पाण्यात फुगणारी शंकूच्या आकाराची कापडी पिशवी. एकच मोठी पिशवी मागे बांधू नये, ती सुकाणूचे काम बिघडवते आणि गळांच्या वाटेत येते. दोन लहान पिशव्या, दोन्ही बाजूंना, होडीच्या मध्याच्या थोड्या पुढे बांधाव्यात. दोरीची लांबी ठरवताना एकच कसोटी लावावी : पिशवी पूर्ण मागे गेली तरी तिचे शेपूट पंख्यापर्यंत पोहोचता कामा नये. शेपटाला दुसरी बारीक दोरी बांधून ती हाताशी ठेवावी, म्हणजे ती ओढताच पिशवी उलटी होऊन रिकामी वर येते. नाहीतर भरलेली पिशवी वर घेणे म्हणजे विहिरीतून हत्ती काढण्यासारखे आहे. माझ्या होडीवर सुमारे ७५ सेंटिमीटर तोंडाच्या दोन पिशव्यांनी ताशी एक ते दीड किलोमीटर वेग कमी होतो. शिवाय बाजूच्या वाऱ्यात होडीचे नाक भरकटणेही बरेच कमी होते, आणि हा फायदा मला तर वेगाइतकाच मोलाचा वाटतो.

दुसरा उपाय कमी पिचच्या पंख्याचा. तो चांगला आहे, पण त्यात कमाल वेग थोडा जातो, कारण इंजिन आपली कमाल फेऱ्यांची मर्यादा लवकर गाठते. आज पूर्ण थ्रॉटलला इंजिन आपले ठरलेले कमाल फेरे गाठत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर पंखा मुळातच जड आहे असे समजावे; अशा वेळी पिच कमी केल्याने गरवणे आणि इंजिन दोन्हींचे भले होते. तिसरा उपाय ट्रोलिंग व्हॉल्व्हचा; तो गिअरबॉक्सच्या क्लचवरचा तेलाचा दाब कमी करून त्याला मुद्दाम घसरवतो. तो फक्त हायड्रॉलिक गिअरबॉक्सवर आणि तेही उत्पादकाची परवानगी असेल तरच बसवावा. आपल्या आकाराच्या इंजिनांवर बहुधा यांत्रिक क्लच असतो, आणि त्याला असे घसरवणे म्हणजे तो जाळणे. काही जण गिअर घालतात, काढतात, पुन्हा घालतात. त्याने सरासरी वेग कमी होतो खरा, पण आमिषे एकदा वर उचलली जातात आणि एकदा बुडतात. कधीकधी नेमक्या त्याच हेलकाव्याला मासा लागतो, म्हणून ही युक्ती लोकप्रिय आहे. दिवसभर मात्र तिने गिअरबॉक्सही थकतो आणि माणूसही.

लहान पेट्रोल इंजिनाला माझा ठाम विरोध नाही. पण बंदिस्त तळ असलेल्या डिझेल होडीवर पेट्रोल आणले की त्याच्या वाफेचा धोकाही आला. डिझेल सांडले तर घाण होते. पेट्रोल सांडले तर त्याची जड वाफ तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. पिशव्या आणि पंखा यांनी काम भागत नसेल तरच तिकडे वळावे.

मंद चालीला डिझेल इंजिनाची स्वतःची तक्रार असते आणि ती पुष्कळ जण ऐकत नाहीत. आठ तास जवळजवळ भाराविना चाललेले इंजिन पुरेसे तापत नाही. इंधन अर्धवट जळते, नोझलवर आणि एक्झॉस्टमध्ये काजळी बसते, सिलिंडरच्या बोअरला काचेसारखी झिलई येते आणि मग रिंगा नीट बसत नाहीत, तेल जळू लागते. माझ्या पहिल्या होडीने तिसऱ्या मोसमात पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडायला सुरुवात केली. एका कारागिराने नोझल बदलायला लावले, मी बदलले, धूर तसाच राहिला. शेवटी मीच थर्मोस्टॅटचे झाकण उघडले तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. आधीच्या मालकाने कधीतरी इंजिन तापते म्हणून तो काढून टाकला होता. थंड सरोवराचे पाणी थेट फिरत असल्यामुळे इंजिन कधी कोमटाच्या पुढे गेलेच नव्हते. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर चार सफरींत धूर गेला. तेव्हा आपला तापमापक पाहावा, आणि परतताना शेवटची पंधरा-वीस मिनिटे इंजिन चांगल्या भाराखाली, कमाल फेऱ्यांच्या तीनचतुर्थांशांच्या आसपास चालवावे. नुसती न्यूट्रलमध्ये रेस दिल्याने हे साधत नाही, भार हवा. याच ओघात बॅटरीचेही सांगतो : आयडलला अल्टरनेटर फार थोडा चार्ज देतो, आणि विजेवरचे डाउनरिगर (गळ खोल नेणारे रहाट, त्यांच्याविषयी पुढे), पाण्याखालचे मासे दाखवणारा फिश फाइंडर, होडी आपोआप दिशेवर ठेवणारा ऑटोपायलट हे सगळे तिच्यावरच जगतात. इंजिन चालू करण्याची बॅटरी वेगळी ठेवावी. इंधनाची मात्र चिंता नको. या चालीला तासाला लिटरभरही डिझेल क्वचितच लागते.

वेग आवाक्यात आला की त्याहून अवघड गोष्ट समोर येते. जीपीएस जो वेग दाखवतो तो जमिनीच्या संदर्भातला असतो, आणि आमिष पोहते ते पाण्यात. मोठ्या सरोवरात वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी एका दिशेला आणि खालचे पाणी दुसऱ्या दिशेला वाहत असते. उत्तरेकडे जाताना ताशी ४ किलोमीटरला तीन मासे लागले आणि वळून दक्षिणेकडे त्याच ताशी ४ ला एकही लागला नाही, याचे कारण बहुतेक वेळा मासे गेले हे नसून आमिषाचा खरा वेग बदलला हे असते. खोलीवरचा वेग मोजणारी उपकरणे मिळतात, पण माझे काम डाउनरिगरच्या तारेच्या कलावरून भागते. डाउनरिगर म्हणजे तारेच्या टोकाला चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा असलेला रहाट. गळाचा तंगूस गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवलेला असतो आणि मासा लागताच सुटतो. मासा लागला त्या क्षणी तार पाण्यात किती अंशांनी मागे झुकली होती ते लक्षात ठेवावे, आणि दिशा बदलल्यावर जीपीएसचा आकडा काहीही म्हणो, थ्रॉटल असा ठेवावा की तार पुन्हा तशीच झुकेल. मी कडेच्या लाकडावर पेन्सिलीने तीन रेघा ओढल्या आहेत, त्या कोणत्याही यंत्राइतक्या उपयोगी पडल्या आहेत.

तोच कल खोलीचाही हिशेब देतो. तार २० मीटर सोडली आणि ती उभ्यापासून २० अंश झुकली तर गोळा सुमारे १८.८ मीटरवर असतो. ३५ अंश झुकली तर १६.४ मीटरवर. आपण ताशी ५.५ किलोमीटरने जाताना डाउनरिगरच्या काट्यावर २० वाचत होता आणि आमिष बहुधा त्याच्या दोन-तीन मीटर वरून जात होते. ही चूक क्षुल्लक वाटेल, पण उन्हाळ्यात तेवढ्या अंतरात पाण्याचे तापमान पाच-सहा अंशांनी बदलू शकते.

आणि सॅमनचा सगळा कारभार तापमानावर चालतो. चिनूक सॅमनला साधारण १० ते १३ अंश सेल्सियसचे पाणी मानवते, कोहो या दुसऱ्या जातीच्या सॅमनला त्याहून किंचित ऊबदार चालते, आणि सरोवरात अडकून राहिलेला अटलांटिक सॅमनही याच पट्ट्याच्या आसपास वावरतो. वसंतात सगळे सरोवर ४ अंशांच्या आगेमागे असते, तेव्हा किनाऱ्यालगतचे, नदीच्या मुखाजवळचे एकदोन अंशांनी कोमट पाणी शोधावे. मासा वरच्या चार-पाच मीटरांत असतो आणि डाउनरिगरची फारशी गरजही नसते. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात : वर ऊबदार, खाली थंड, आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पातळ पट्टा. सॅमन या पट्ट्याच्या आत किंवा लगेच खाली सापडतो, कारण त्याचे भक्ष्यही तेथेच घोटाळत असते. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात ते भक्ष्य म्हणजे मुख्यतः एलवाइफ हा लहान रुपेरी मासा. तेथे १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सोडण्यात आले, त्यामागे बेसुमार वाढलेल्या एलवाइफवर ताव मारणारा मासा आणणे हाही हेतू होता. स्वीडनच्या व्हेनेर्न सरोवरात सॅमन स्मेल्ट आणि व्हेंडेस या लहान माशांवर जगतो. सरोवर कोणतेही असो, फिश फाइंडरवर लहान माशांचा ढग कोणत्या खोलीवर आहे ते आधी पाहावे आणि आमिष त्याच्या किंचित वर ठेवावे. सॅमन वर पाहून झडप घालतो, खाली वळून क्वचित.

हा पट्टा एका जागी राहत नाही. दोन दिवस वारा जमिनीकडून सरोवराकडे वाहिला की वरचे ऊबदार पाणी दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी किनाऱ्याला वर येते. काल १८ मीटरवर असलेला मासा आज ८ मीटरवर, किनाऱ्याच्या कुशीत असतो. वारा उलटा असेल तर पट्टा खोल जातो आणि लहान होडीवाल्याने त्या दिवशी घरी राहिलेलेच बरे. कालच्या खोलीवर आज हट्टाने गळ ओढणारे मी खूप पाहिले आहेत, त्यांत एक मीही होतो. तापमापक दोरीला बांधून खाली सोडायला दहा मिनिटे लागतात.

दोघे जण असाल तर चार गळ पुरे. एकटे असाल तर दोनच. दोन डाउनरिगरवर, एक पट्ट्याच्या वरच्या कडेला आणि एक त्याच्या तीन मीटर खाली, आणि दोन प्लॅनर बोर्डवर, म्हणजे तंगूस होडीपासून आडवा दूर नेणाऱ्या तरंगत्या फळ्यांवर. डिझेलच्या संथ, एकसुरी धडधडीने सॅमन पळतो असे मला कधी दिसले नाही. अचानक फेरे बदलले की मात्र फरक पडतो, म्हणून थ्रॉटलला हात लावायचा तर हळुवारपणे. तरीही उथळ आणि निवळशंख पाण्यात आमिष गोळ्यामागे २५-३० मीटर सोडावे, खोल पाण्यात १० मीटर चालतात. होडी सरळ रेषेत न नेता सावकाश नागमोडी न्यावी. वळताना आतल्या बाजूचे आमिष मंद होऊन बुडते, बाहेरच्या बाजूचे वेगाने वर येते. वळणात मासा आतल्या गळाला लागला तर तो सांगतो आहे की आपण अजून वेगात आहोत; बाहेरच्याला लागला तर वेग थोडा वाढवावा. एवढी सरळ भाषा दुसरे कोणतेही उपकरण बोलत नाही.

मासा लागला की वाकलेली काठी आधी एकदम सरळ होते, कारण चिमटा सुटलेला असतो, आणि नवखा माणूस तेथेच मासा गेला असे समजून थांबतो. लगेच काठीवरचा रहाट फिरवून सैल तंगूस गोळा करावा, भार लागेल. या रहाटाचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या एक चतुर्थांशाइतकाच लावलेला असावा. होडी थांबवू नये. थांबवली की बाकीची आमिषे बुडून तळाला किंवा एकमेकांत अडकतात. मासा होडीच्या मागच्या कोपऱ्याशी ठेवून, त्या बाजूचा गोळा वर घेऊन, गिअरमध्येच हळू चालत राहावे, आणि मासा शेवटच्या पाच-सहा मीटरांत आला की न्यूट्रल करावे. आत बसवलेल्या इंजिनाचा पंखा होडीच्या खाली, नजरेआड असतो आणि सॅमनला शेवटची बुडी नेमकी तिकडेच मारायची सवय असते. मी एक उत्तम मासा आणि साठ मीटर तंगूस असा घालवला आहे; पंख्याच्या दांड्यावर वितळून घट्ट बसलेला तो तंगूस करवतीच्या पात्याने कापून काढावा लागला, आणि दांड्याभोवतीच्या, पाणी अडवणाऱ्या सीलला इजा झाली ती वेगळीच.

एकट्याने जाणाऱ्याने हे नीट वाचावे. ताशी ४ किलोमीटर हा वेग हास्यास्पद वाटतो, पण थंड पाण्यात कपड्यांसह पडलेला माणूस त्या वेगाने पोहू शकत नाही. ऑटोपायलटवरची होडी त्याला सोडून शांतपणे निघून जाते. पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की ते बंद पडते. डिझेलला ठिणगीच नसते, त्यामुळे ते इंधन तोडूनच थांबते. म्हणून माणूस पडताच खेचली जाऊन इंजिन थांबवणारी, अंगाला बांधायची दोरी साध्या किल्लीच्या तारेला जोडून भागत नाही. आपले इंजिन वीज दिल्यावर थांबते की वीज तोडल्यावर, हे पाहून ती जोडणी करून घ्यावी आणि धक्क्याला बांधलेल्या होडीत खेचून पाहावी. लाइफ जॅकेट अंगावरच असावे. वारा मागून असताना मंद चालीत एक्झॉस्टचा धूर होडीतच वळून येतो. डोके जड होऊ लागले तर दिशा बदलावी.

गळांची संख्या, माशाची किमान लांबी, कोणता मासा ठेवता येतो, हे नियम सरोवरागणिक वेगळे असतात. व्हेनेर्नमध्ये, उदाहरणार्थ, शेपटीजवळचा लहान मांसल पर कापलेला, म्हणजे उबवणी केंद्रातून सोडलेलाच सॅमन ठेवता येतो. पर शाबूत असलेला मासा नैसर्गिक समजून सोडावा लागतो. सोडायचा मासा होडीत घेऊच नये, रबरी हातजाळ्यात पाण्यातच ठेवून गळ काढावा. वरचे पाणी २० अंशांच्या पुढे असेल तर खोलीतून ओढून आणलेला मासा सोडूनही बहुधा जगत नाही. अशा दिवशी हवे तेवढे मासे मिळाले की गळ गुंडाळावेत.

राहिली आमिषे. १० ते १२ सेंटिमीटर लांबीचे दोन पातळ चमचे घ्यावेत, एक रुपेरी-निळा आणि एक रुपेरी-हिरवा. पहाटेच्या काळोखासाठी एक अंधारात चमकणारा. आणि लहान माशाच्या आकाराचे एक प्लॅस्टिकचे आमिष. मोसमभर एवढ्यांवर भागते. इंजिनाच्या फिल्टरला किंवा डिझेलच्या नळीला हात लावला असेल तर साबणाने धुतल्याशिवाय त्यांना स्पर्श करू नये. सॅमन वासावरून आपली जन्मनदी ओळखतो, त्याला डिझेलचा वास लपत नाही. मी चमचे झाकणाच्या डब्यात, इंजिनापासून सर्वांत दूर, होडीच्या नाकाशी ठेवतो.